वीस मिनिटं

लाक्सेल्वच्या पंपावर रागन्हिल्ड
एकतीस वर्षं गाड्या आवाजावरून ओळखायची.
खोकत यायची ती ओडगाइरची,
उतारावर कण्हायची ती पाद्रीबाईंची.
मान वर न करताच कॉफी ओतलेली असायची.

आता बर्फावर नुसती चाकं करकरतात,
सगळ्यांची सारखीच.
दार उघडलं की मग कळतं, कोण.

टाकीला तीन मिनिटं पुरायची.
पैसे, पावती, "गारठा वाढलाय", येतो.
चार्जरला वीस लागतात.
उणे चोविसात चाळीससुद्धा.

म्हणून ओडगाइर बसतो. टोपी काढतो.
त्याला टक्कल पडलंय, हे तिला आत्ता दिसतं.
बासष्ट टक्क्यांपर्यंत तो कॉड माशाच्या भावावर बोलतो.
एकाहत्तरला म्हणतो,
बायको हल्ली मला
माझ्या भावाच्या नावानं हाक मारते.
वारलेल्या भावाच्या.

रागन्हिल्ड सॉसेज परतायचं विसरते.
एक बाजू करपते.

फोन थरथरतो: ऐंशी.
इथून पुढे फार हळू भरते,
ते दोघांनाही माहीत.

"शंभर होऊ दे," तो म्हणतो.

ती दुसरा कप काढते.
त्याचं घर इथून चार किलोमीटरवर.