फोटो पाडायच्या आधी

बडोद्यात आम्ही फोटो पाडतो.
पुण्याची मावससासू हसते :
पाडायला तो काय कैरी आहे?
मी म्हणते, हो, जवळजवळ.
पाडाला येईपर्यंत थांबायचं असतं
आणि दगड मारायचा नसतो.

म्हणून आधी चहा.
दांडिया बाजारात, ड्रायक्लीनरच्या वर,
माझ्या दीड खोलीत इस्त्रीची वाफ चढत राहते
आणि मी वहीत लिहून घेते :
रेणुका दिघे. ध्रुमिल पंड्या. लग्न मार्गशीर्षात.
त्यांना हवा राजवाडा, हवा सूर्यास्त,
जमिनीवर लोळणारा गाऊन,
रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या.
बरं. लिहिलं.
मग विचारते, पहिलं भांडण कुठे झालं?

दोघं एकमेकांकडे बघतात.
"विश्वामित्रीच्या पुलावर," ती म्हणते,
"मी याला मगर दाखवत होते,
आणि हा म्हणे ओंडका."
"ओंडकाच होता," तो म्हणतो. अजूनही.
राजवाड्यावर मी काट मारत नाही,
फक्त पुलाभोवती गोल करते.

पुढच्या वेळी जुने अल्बम आणा, म्हटलं,
तर रेणुका भाजीच्या दोन पिशव्या भरून आणते.
कमाटीबागेतली छोटी रेल्वे, भावाची मुंज,
उत्तरायणात गच्चीवर मांजाने कापलेलं बोट
वर धरून रडणारी ती स्वतः.
आई आहे, आत्या आहे,
शेजाऱ्यांचा कुत्रा चार वेळा आहे.
बाबा?
"आहेत की," ती म्हणते,
आणि कोपऱ्यातला एक गुलाबी, धुरकट डाग दाखवते.
अंगठा.
पावागढच्या सहलीत गवतावर लांब सावली,
दोन्ही कोपरं बाहेर, परातीच्या कड्यांसारखी.
मुंजीतल्या तांब्यावर, नीट पाहिलं तर,
फुगलेला एक माणूस, तोंडाच्या जागी काळी पेटी.

एकतीस वर्षं.

मी वहीत लिहिते :
शुक्रवार, सकाळी सात, पूल, सगळं घर.
बाबांनी पांढरा शर्ट घालू नये.
कॅमेरा आणू नये.
दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा.

अच्युतराव पांढरा शर्ट घालूनच येतात.
कॅमेरा नाही,
पण गळ्यावर हात जातो, पट्टा शोधत.
आल्याआल्या मला सांगतात,
तिथून घेऊ नका, उन्हं डोळ्यांवर येतील.
बरोबरच असतं त्यांचं.
मधोमध उभं केलं की ते कडेला सरकतात,
तिसऱ्यांदा वहिनीच दंड धरून ठेवतात.
हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नाही,
एक खिशात घालतात, काढतात,
कुणाची तरी पर्स धरू का, विचारतात.
मागून स्कूटर हॉर्न देत जातात,
एक दूधवाला थांबून आमच्याकडेच बघत बसतो.

मी विचारते,
काका, तुम्ही काय म्हणायचात? हसा?
"छे," ते म्हणतात, "हसा म्हटलं की माणसं दात दाखवतात.
मी म्हणायचो, श्वास सोडा."

मग तेच म्हणाले, सवयीने, मोठ्याने,
आणि सगळ्यांनी सोडला.
वहिनींचे खांदे खाली आले, भावाचं पोटही.
फक्त ध्रुमिल टोकाला, अर्धा रेघेबाहेर,
पाहुण्यासारखा,
आणि अच्युतराव वाकून, हात लांब करून त्याला म्हणाले,
"जावईबापू, जरा आत या."

तेव्हा पाडला.

हात हललेला आहे, बोटं मोजता येत नाहीत.
डोळे माझ्याकडे नाहीत, कुणाचेच.
राजवाड्याचे बेचाळीस पाठवले, सुरेख आहेत,
धूर अगदी हवा तसा वळला.
रेणुका फोनवर म्हणाली,
तो पुलाचा मोठा करून द्या, हलला तरी चालेल.

मोठा करताना खाली पाण्यात दिसलं,
लांबट, करडं, एका बाजूला जरा खडबडीत.
ध्रुमिल विचारतो, काय आहे ते, सांगा ना.
मी म्हणते, एवढं स्पष्ट येत नाही.