चौदा नंबरचं पाणी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला.
आधी मी मांजरावर आळ घेतला,
मग सालींच्या खताच्या पिंपावर,
मग आर्नल्डवर.
त्याने पेपरातून मान वर न काढता सांगितलं,
"ते झाकण."

झाकण म्हणजे हिरवळीच्या मधोमध लोखंडी चौकोन,
दोन फूट बाय दीड,
त्यावर बंद पडलेल्या कुठल्याशा ओतशाळेचं नाव,
निम्मी अक्षरं बुटांनी खाल्लेली.
मी त्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली होती.
वास कुंडीला वळसा घालून आला.

रविवारी होणारी सून येणार होती, आईवडिलांना घेऊन.
खाचेतली माती मी जुन्या चमच्याने खरवडली,
खाचेत ग्रीस भरलं बोटभर जाड,
केकच्या कडेला क्रीम भरावं तसं,
झाकण बसवलं
आणि दाबायला स्वतः त्यावर उभी राहिले.
शेजारच्या सोळा नंबरच्या पोरांनी खिडकीतून पाहिलं. पाहू दे.

वास तरी आलाच.
पाहुण्यांनी सॅलडची तारीफ केली,
आणि नाक न मुरडण्याचे जे कष्ट घेतले
ते मला पुडिंगपर्यंत दिसत राहिले.

सोमवारी इख्लाक आला.
त्याच्या आजोबांनी इथे कीथलीतच
लोकरीच्या गिरणीत रात्रपाळ्या काढल्या,
त्याच्या व्हॅनवर लिहिलंय: आम्ही वाकून बघतो.
दोन आकडे अडकवून त्याने झाकण उचललं,
माझं सगळं ग्रीस तारा धरून वर आलं.
"छान भरलंय," तो म्हणाला. चांगला मुलगा.

मी वाकले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
विटांची एवढीशी खोली,
तळाशी अर्धगोल पन्हळ,
तीन नळ्या येऊन मिळालेल्या.
"हे तुम्ही.
हे सोळा नंबर"
(कुणीतरी अंघोळ करत होतं,
साबणाचं पाणी वाफाळत निघून गेलं)
"आणि हे चौदाचं मागचं धुणीघर."

त्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं.
अखंड.

इख्लाकने कुंपणावरून नाक पलीकडे नेलं.
झाकण निर्दोष सुटलं.
वास हार्डकॅसलांच्या अंगणातल्या जाळीतून येत होता.
त्या जाळीखाली नळीला एक बाक असतो, त्यात पाणी साठून राहतं.
गटार आणि माणूस यांच्या मध्ये
तेवढंच, वीतभर पाणी.
वरून पडत राहिलं तर राहतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आठवडाभर मी म्हणत होते.
मुरलं नव्हतं. आटलं होतं.

एनिड दर गुरुवारी त्या धुणीघरात
चॅपलच्या गायकांचे झगे धुवायची,
सतरा झगे, हाताने,
मशीन कॉलर खातं म्हणून.
ऑक्टोबरात ती गेली.
आम्ही पाय सिमेटरीपर्यंत नेऊन आणले,
एक शेफर्ड्स पाय दिला, भांडं परत मागितलं नाही,
आणि त्यालाच शेजारधर्म म्हटलं.

मी बादली घेऊन गेले.
दार उघडायला त्याला वेळ लागला.
कसं सांगावं याची चार वाक्यं मी जुळवली होती,
त्यातलं एकही वापरलं नाही.
"वास?" हार्डकॅसल म्हणाले. "मला नाही येत.
ऑक्टोबरपासून कशाचाच नाही."

माझ्या हातातली बादली त्यांनी घेतली नाही.
धुणीघराची कडी काढली,
नळ सोडला.
नळ खोकला, गंजाचं थुंकला,
मग धार लागली.
ते तिथेच उभे, हात धारेखाली,
गरज होती त्याहून बराच वेळ.

इख्लाक कुंपणापलीकडून ओरडला,
वरून चमचाभर तेल सोडा, काका,
म्हणजे लवकर सुकायचं नाही.
"कुठलं तेल?"
"घरात असेल ते."

कुंडी मी आता पायरीशी ठेवते.
गुरुवारी दहाच्या सुमारास
चहाचा कप घेऊन झाकणापाशी थांबते.
खालून पाणी जातं.
एक बादली.
कधी कधी दोन.