परतावा

त्या मे महिन्यात मी नऊशे तीस लोकांना फोन केले.
स्वयंपाकघरातलं टेबल, लॅपटॉप, यादी,
पलीकडे मुलाचा ऑनलाइन वर्ग,
आणि तेच एक वाक्य, दर वेळी घसा खाकरून:
घरच्या मैदानावरचे पाच सामने होणार नाहीत,
सीझन तिकिटाचे राहिलेले पैसे
परत हवेत, पुढच्या वर्षी वळते करू,
की क्लबलाच ठेवू?

थॉर्नक्लफ. मँचेस्टरहून बसने पन्नास मिनिटं.
गिरणीची चिमणी एक, चर्च दोन,
त्यातल्या एकात आता गालिच्यांचं दुकान.
आमचा क्लब चौथ्या श्रेणीतला.
वरच्यांना टीव्ही पोसतो, आम्हाला टर्नस्टाइल:
ते लोखंड शनिवारी दुपारी करकरलं
तर गोलकीपरचा पगार होतो,
नाही करकरलं
तर मला झोप नाही.

ग्लेनिस हॅल्स्टेडच्या फ्रीझरमध्ये सहाशे पाय गोठले.
म्हणजे खायचे पाय, मटण-बटाट्याचे.
मैदानाकडे चालत येणारे
घरोघरी सोफ्यावर लांब झालेले.

क्लाइव्ह ऑर्मरॉड फर्लोवर.
ऐंशी टक्के पगार सरकार देईल, अट एकच,
कामाला हात लावायचा नाही.
गवताला हे कुणी कळवलं नव्हतं.
जूनमध्ये पेट्रोलचं बिल आलं, अकरा पौंडांचं,
त्यावर मातीचा अंगठा.
पहाटे पाचला कुणी मशीनचा आवाज ऐकला असेल, मी नाही.
मी ते बिल 'किरकोळ'मध्ये सारलं.

रेग टॅटरसल, जी रांग, आसन त्रेचाळीस.
म्हणाला, ठेव गं, क्लबलाच ठेव,
आणि वर मलाच विचारलं,
तुझी तिकडची माणसं बरी आहेत ना?
मी तिसऱ्या चौकोनात खूण केली.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन.
आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.
लेकीचं सलून बंद आहे. नातवंडं दोन्ही माझ्याकडेच.
त्या एकाहत्तर पौंडांतले
अर्धे मिळतील का?

अर्ध्याला चौकोन नव्हता.
सॉफ्टवेअर म्हणे, सगळं किंवा काहीच नाही.
मी साडेपस्तीस पौंडांचा चेक हाताने लिहिला,
अध्यक्षांनी न विचारता सही केली.
त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःची गाडी विकली होती.

हिवाळ्यात सामने झाले, माणसांशिवाय.
गोलकीपरच्या शिव्या
गालिच्यांच्या दुकानापर्यंत स्पष्ट ऐकू जायच्या.
पंधरा पौंडांत पुठ्ठ्यावर फोटो बसवून मिळे;
दोन नर्सेस, एक कुत्रा आणि ग्लेनिसचा गेलेला नवरा
पावसात भिजून पोक काढून बसले होते.

जानेवारीत एक लिफाफा.
वीसची नोट, दहाची नोट,
बाकी नाणी पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवलेली.
मागे पेन्सिलीने: जी ४३. फिटले.

ऑडिटर, लीड्सचा कोवळा पोरगा, स्क्रीनवरून विचारतो,
ही देणगी का?
तो तसं म्हणालेला नाही.
मग कर्जफेड?
आम्ही कर्ज दिलंच नव्हतं.
खातं कुठलं लिहू?
परतावा, मी म्हणाले.
मॅडम, परतावा बाहेर जातो, आत येत नाही.

नाणी मी बँकेत भरली.
पुठ्ठा अजून खणात आहे,
बेरजेत धरलेल्या हातच्यासारखा.

पुढच्या ऑगस्टात दारं उघडली.
नऊशे तीसपैकी सातशे चार.
बाकीचे का आले नाहीत
हे विचारणारा फोन मला कुणी करायला सांगितला नाही,
मीही केला नाही.

रेग आला. काठी नवीन.
माझ्याकडे न पाहिल्यासारखं पाहिलं,
ग्लेनिसच्या खिडकीशी मात्र थांबला,
पाटी वाचली, चष्मा पुसून परत वाचली.
एका पायामागे चाळीस पेन्स वाढवलेत?
दरोडा आहे हा, दिवसाढवळ्या, असं सगळ्या रांगेला ऐकवलं
आणि दोन घेतले.