डिझेल वाचतं

धडगावचा घाट उतरता उतरता
जिजी दोनदा उलटल्या, लिंबू चोखत म्हणाल्या,
"आनी हाई म्हने सहल!"
मागच्या सीटवर भरिताचा डबा,
फडक्यात कळण्याच्या भाकरी,
आणि भाकरींवर निनादचा एक बूट.

मग एका वळणावर गाडीतलं बोलणं थांबलं.
खाली पाणी होतं.
"हाई तं समुद्रच शे भो," आप्पा म्हणाले.
आप्पांनी समुद्र पाहिलाय एकदाच,
सुरतेला साडूकडे गेले तेव्हा,
तोही ओहोटीला. म्हणजे चिखलच.

नूरजीची बोट निळी, बाक पत्र्याचे.
"माणशी शंभर. पोराचे पन्नास."
निनाद म्हणाला, मी अर्धा नाही.
बरं, म्हणाला नूरजी, पण घेतले पन्नासच.

असा काठ मी पाहिला नव्हता.
वाळू नाही, शिंपला नाही, गाळ नाही,
पाणी थेट दगडालाच टेकलेलं.
काळे, उभे कातळ,
पाण्यातून वर येतात ते अर्ध्या वाक्यासारखे.
त्यांना काठ व्हायला कुणी शिकवलंच नसावं.
कुठे एक पायवाट वळत वळत येते
आणि न अडखळता पाण्यात शिरते.
पाण्यापासून दोन पुरुष उंचीपर्यंत
एक पांढरा पट्टा सगळ्या दगडांना,
बंबाच्या आतून क्षार चढतो तसा.
ह्यांनी त्याचेच सोळा फोटो काढले.

"किती खोल?" निनादनं विचारलं.
"साग बुडेल."
"आणि सागावर साग ठेवला तर?"
नूरजीनं खरंच विचार केला.
"तोपण बुडेल."

मग त्यानं इंजिन बंद केलं.

बोट आपोआप सरकत राहिली.
इतका वेळ ओरडून बोलत होतो आम्ही,
ते ओरडणं तोंडातच राहिलं.
दगडाला पाणी लागत होतं, चप्, चप्,
कोणीतरी जेवत असल्यासारखं.
"बिघडली का?" ह्यांनी विचारलं.
"नाही. डिझेल वाचतं."

ते खरंही असेल.
पण त्यानं पाय चपलांतून काढले होते.
अंगठे पत्र्यावर टेकवून उभा होता,
आणि पाहत होता ते पुढे नव्हे.
मी जिजींकडे पाहिलं.
त्यांनी काही न विचारता
आपल्याही चपला बाकाखाली सारल्या
आणि डोक्यावर पदर घेतला.
आप्पा वेफर्सची पिशवी उघडत होते,
तीही जिजींनी दाबून धरली.

नंतर एका सपाट दगडावर जेवलो.
भरीत थंड झालं होतं, तरी संपलं.
नूरजीनं भाकरी घेतली, भरीत नको म्हणाला,
कांदा मात्र मागून घेतला,
आणि आम्हाला पाठमोरा बसून खाल्ला.
आप्पांनी विचारलं, गाव कोणतं तुमचं?
त्यानं दूरच्या वसाहतीचं नाव सांगितलं,
तळोद्याकडची,
जिथे रस्ते सरळ आहेत म्हणाला,
फार सरळ.

परतताना तिथेच पुन्हा इंजिन बंद.
ह्या वेळी कुणी काही विचारलं नाही,
फक्त निनाद.
"इथे काय आहे?"
"चिंच."
"कुठे?"
नूरजीनं हनुवटीनं खाली दाखवलं
आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्यात लागलं नाही.
दुसऱ्यात लागलं.

शहाद्याला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ.
निनादच्या खिशात एक दगड निघाला,
मुठीएवढा, पांढरा पट्टा असलेला.
उद्या टाकू म्हणता म्हणता
तो ओट्यावर राहिला.
आता जिजी त्यानंच लसूण ठेचतात.
धुतला की पट्टा दिसेनासा होतो,
दुपारी वाळला
की परत तिथेच.