दिवसा झोपणारे

माझ्या होडीचं नाव तेर्का, म्हणजे हट्टी.
आठला धक्का सोडते, साडेबाराला परत येते,
मधलं सगळं इंजिनाच्या मर्जीवर.
इसाबेला बेटावर हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या मंगळवारी अकरा जण होते.
दहांकडे स्वतःचे मास्क, पाण्यातले कॅमेरे.
अकरावी सोइला मासाकिसा,
पांढरी फेल्टची टोपी, किरमिजी लोकरीची शाल,
हातात चाती.
डोंगरातली बाई. समुद्र तिनं परवाच पाहिला,
तोही विमानातून, ढगांच्या फटीतून.
मुलगा रुफिनो तिला सोडायला आला,
पैसे मोजून दिले, सगळे सुट्टे,
म्हणाला, "दुपारपर्यंत फिरवून आणा हिला.
मी रात्रपाळीचा राखणदार. खोली एकच.
ती बसून राहते माझ्याकडे बघत
आणि माझा डोळा लागत नाही."

नेप्ताली, आमचा गाइड, नियम सांगू लागला:
जनावरांपासून दोन मीटर लांब,
हात लावायचा नाही,
वाळूचा कणसुद्धा खिशातून न्यायचा नाही.
सोइलानं मान डोलावली. चाती फिरत राहिली.
लाट आली की धागा जरा जाड यायचा,
एवढंच.

काळ्या खडकांवर इग्वाना एकमेकांच्या अंगावर पसरलेले,
नाकातून मीठ शिंकरत.
"सर्दी झालीय," ती म्हणाली.
कोणी हसलं. ती हसली नाही.
पुढे निळ्या पायांचा पक्षी
एक पाऊल उचलून मादीला दाखवत होता, मग दुसरं,
जणू कालच घेतलेले जोडे.
पेंग्विन एकच दिसला,
तोही पाठ करून उभा.

खाडीत नांगर टाकला. दहाही जण धपाधप पाण्यात.
विषुववृत्त आमच्या बेटावरूनच जातं,
तरी पाणी असं गार
की शिव्या चार भाषांत ऐकू आल्या.
मग नुसता नळ्यांतला श्वास
आणि पाण्यावर दहा पाठी, वाहून आलेल्या फळ्यांसारख्या.

ती होडीत राहिली. मीही.
बापाची जुनी बादली काढली,
तळ कापून काच बसवलेली,
समुद्रकाकड्या शोधायला त्यानं केलेली,
त्या विकता येत होत्या तेव्हा.
"यात तोंड घाल," म्हटलं.
तिनं आधी टोपी माझ्या हातात दिली, मग चाती.
चातीला वजनच नव्हतं.

बराच वेळ बादलीत तिचा श्वास घुमत होता.
खालून कासव गेलं असावं,
कारण तिची बोटं काठावर मोजू लागली:
मधे पाच, बाजूंना चार-चार.
"तेरा," ती बादलीतच म्हणाली. "चुकलं नाहीये कुठे."

मग वल्हं मारत भेगेपाशी सरकलो.
लाव्ह्याला पडलेली फट,
माणूस आडवा मावेल एवढी रुंद.
तळाशी शार्क, नऊ का दहा, परांची टोकं पांढरी,
एकाशेजारी एक, वाळूत हनुवटी टेकून.
नेप्ताली पाण्यातून ओरडला,
"घाबरायचं नाही! हे रात्री जागतात, दिवसा झोपतात!"

सोइलानं तोंड वर काढलं.
कपाळावर बादलीच्या कडेचा वळ.
नेप्तालीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं,
मग मला म्हणाली, "इंजिन बंद कर."
इंजिन बंदच होतं.
तरी मी वल्हं वर घेतलं,
आणि थेंब पडू नयेत म्हणून मांडीवर आडवं ठेवलं.

दहा पाठी लांब गेल्या होत्या एका सी-लायनमागे
(आम्ही त्याला लांडगा म्हणतो,
वागणं मात्र कुत्र्याच्या पिल्लाचं).
आम्ही तिथेच. पाऊण तास असेल.
कोणी जागं झालं नाही.

परतताना कलिंगडाच्या फोडी वाटल्या.
तिनं एक शालीत गुंडाळली.

पाऊण वाजला होता. उशीर.
धक्क्यावरच्या बाकावर लांडगी झोपलेली, पिल्लासकट,
आणि उरलेल्या टोकाला रुफिनो,
मान छातीवर, तोंड उघडं.
नियमातले दोन मीटर त्यांच्यात नव्हते.

सोइला उतरली.
त्याच्यापासून बरोबर दोन मीटरवर थांबली,
भुईवर बसली,
त्याच्याकडे पाठ करून,
आणि चाती सोडली.

शालीतून कलिंगड ठिबकत होतं.
मी डिझेल भरायला गेलो.