पायाळू

यंत्र गवत कापायच्या गाडीसारखं दिसतं.
मी दोरी ओढतो, ते मागून घसटत येतं
जमिनीच्या पोटाला कान लावून.
दिवसाचे जे सोल मिळतात
ते आईच्या गुडघ्यांच्या औषधाला पुरतात.

लिमाहून आलेले डॉक्टर आल्सामोरा
पडद्यावरच्या राखाडी रेघा वाचतात :
इथे भरीव. इथे भरीव. इथे पाणी मुरतंय.
या सांध्यांत सुरीचं पातं शिरत नाही,
हे ते येईल त्या पाहुण्याला सांगतात.
इचू गवताचं मूळ शिरतं.
मुंगी तर सामानासकट जाते.

वाय्रापाता. वाऱ्याचा ओटा.
गावातल्या प्रत्येक घराला इथली एक बंद कोठडी ठाऊक आहे,
प्रत्येक घराची वेगळ्या जागी.
कुणाच्या कोठडीत सोन्याचा मका, तुऱ्यासकट,
कुणाच्या कोठडीत ओळीने बसवलेले राजे.
आमच्या घरी हा विषय निघाला
की आई चुलीत फुंकर घालायची,
जाळ चांगला पेटलेला असला तरी.

तिचा बाप मेलितोन पायाळू होता.
पायाळूला जमिनीतलं दिसतं,
विजेला पायाळू दिसतो;
पावसाळ्यात त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नसत.
पण ऑगस्ट कोरडा.
ऑगस्टात जमीन तोंड उघडं टाकून झोपते,
पुरलेलं सोनं रात्री निळं जळतं.
तसल्या एका रात्री तो कार्बाइडचा दिवा घेऊन गेला.

गावाने दोन दिवसांत निकाल लावला :
घबाड लागलं. लिमा गाठलं. दुसरी केली.

आई तेव्हा सहा वर्षांची.
तिने त्या दुसरीला तीन मुलं दिली,
त्यांची नावं ठेवली,
आणि गोठलेले बटाटे पायांनी तुडवताना
ती त्यांच्याशी भांडायची :
रोसेन्दा, तुझ्या पायांत बूट आहेत ना? लाज वाटू दे.
पुढे भांडण विरत गेलं.
रोसेन्दाचं लग्न तिनेच लावून दिलं,
इलारियोला दारूतून सोडवलं.
मला आठवतंय, एकदा ती म्हणाली होती,
धाकटा अगदी माझ्यासारखा हट्टी आहे.

मंगळवारी तिसऱ्या बांधाखाली
पडद्यावरची रेघ वाकली.
"पोकळी," डॉक्टर म्हणाले, आणि का कोण जाणे, टोपी काढली.

चार दिवस चाळण्या, कुंचले, बादल्या.
वरून ढासळलेल्या धोंड्यांआड
एक माणूस, भिंतीला टेकून,
पाय पुढे पसरलेले,
पायांत वहाणा.

डॉक्टर पुष्कळ वेळ वाकून बघत राहिले.
मग उठले, गुडघे झटकले.
"टायरच्या आहेत," म्हणाले.
"इंकांकडे चाक नव्हतं."
कुणीतरी हसलं.
वहीत नोंद झाली : अलीकडचे. पोलिसांना कळवणे.

आईला खेचरावर बसवून वर आणलं.
तोंडाकडे तिने बघितलंच नाही.
डाव्या वहाणेची तारेची शिवण बोटाने चाचपली.
"डावी आधी झिजायची," म्हणाली.
सोन्याचं कुणी विचारलं नाही, तिनेही नाही.
ती धोंड्यावर बसली.
"म्हणजे रोसेन्दा नाही."
खालच्या दरीत कुणीतरी लामांना हाकत होतं.
"इलारियो नाही."
तिसरं नाव तिने घेतलं नाही.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, बापासाठी.
तिने गाठोड्यातून कोकाची पानं काढली,
न फाटलेली तीन निवडली,
त्यांवर फुंकर घातली,
आणि बापाकडे पाठ करून
समुद्राच्या, लिमाच्या अंगाला
एका दगडाखाली सरकवून ठेवली.

चौथा बांध राहिला होता.
मी दोरी खांद्यावर घेतली.
मागून आवाज येत राहिला :
इथे भरीव.
इथे भरीव.