सोळा गेजचा पत्रा

इलाही मिस्त्रींनी पत्रा उलटा करून पाहिला,
नखानं वाजवला,
म्हणाले, "ह्यात गहू ठेवनार का पीठ?"

कॉम्प्युटर, मी म्हटलं.
"मग तयार डबा मिळतोय की राजारामपुरीत,
काचंचा, मंडळाच्या गणपतीगत लाइटी लावलेला."

तो नको होता.
दूध संघाच्या हिशेबखात्यात चौदा महिने
फॅटचे आकडे जुळवून साठवलेले पैसे
मला त्या डब्यात घालायचे नव्हते.

मग उद्यमनगरात, लेथच्या आवाजावरून ओरडत
मी एका साठीच्या माणसाला खेळ समजावला.
की तिथं सूर्य उगवत नाही.
की ड्रॅगन आहेत, तलवारी आहेत,
पण त्या सगळ्यांनाच हव्या असतात.
मला हवी ती नावाडीण,
पहिल्या पाच मिनिटांत कंदील घेऊन येते,
पैलतीराला सोडते
आणि पुढच्या शंभर तासांत
पुन्हा कुठं म्हणून दिसत नाही.

"भाडं किती घेती?"
काही नाही. फक्त नाव विचारते.

मिस्त्रींनी लेथ बंद केला.
तेव्हा कळलं, शेजारच्या फाउंड्रीत
कुणीतरी केव्हापासून शिंकत होतं.

"आमाला चिखलीतनं काढलं तवा,
एकोणीसच्या म्हापुरात,
त्या गड्यानं नाव पन इचारलं न्हाई.
शेळी घेऊ का म्हटलं,
तर म्हनला, आदी शेळी द्या, मग तुमी चढा."

आणि लेथ पुन्हा सुरू.

पैसे मात्र पुरते घेतले.
पाचशेची नोट उजेडात धरून बघितली.

ग्राफिक्स कार्ड इचलकरंजीहून आलं, वापरलेलं,
मागाच्या कोऱ्या कापडात गुंडाळून;
झटकलं तर पंख्यातून कापसाचे तंतू निघाले.
मुठीला पापाच्या तिकटीवरच्या सुमन व्हटकरांनी
चपलेच्या वादीची वेणी घालून दिली.
"करकर वाजनारी पायजे, का बिनआवाजाची?"
वाजणारी. वल्हं वाजतं तशी.
रंग गोकुळ शिरगावला.
कोटिंगवाल्यापुढं मी बाटली ठेवली,
पंचगंगेचं ऑगस्टातलं पाणी.
त्यानं कॅटलॉग दोनदा चाळला
आणि बिलावर लिहिलं, कॉफी.

रविवारी सगळं चादरीवर मांडलं.
प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट,
वायरी मागच्या बाजूनं, केसांत रिबन ओवावी तशा.
दोन स्क्रू उरले. ते कशाचे, अजून माहीत नाही.
बटण दाबलं.
पंखे फिरले. पडदा काळा.

फोनवर मिस्त्री जेवत होते.
"कायतरी नीट बसलं नसंल.
भिऊन दाबलं असशील. भ्यालेला हात
मशीनला कळतोय, पोरी."

रॅमच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवले.
कट्.

सुतारवाड्यातल्या आमच्या भिंतीवर
खांद्याच्या उंचीला एक रेघ आहे.
तीनदा रंग दिला, तीनदा वर आली,
बशीत चहा वाळल्यासारखी.
कुशीच्या पत्र्यात कापलेल्या कंदिलातून
पिवळा उजेड निघाला
आणि त्या रेघेच्या खाली जाऊन पडला,
पाणी होतं तिथं.

कंदिलाशेजारी एक भोक होतं, वेडंवाकडं.
मला वाटलेलं, कानस घसरली.
उजेडात त्याला दोन कान आले,
मग दाढी, मग चार पाय.

मी न सांगता
मिस्त्रींनी शेळी घातली होती.

खेळ सुरू झाला. कंदील हलत आला.
तिनं नाव विचारलं.
आजवर मी काहीबाही टाकत आले,
एकदा तर नुसता फोन नंबर.
या वेळी मराठीत लिहिलं, इलाही.
त्या खेळाला आपली अक्षरं येत नाहीत.
तीन अक्षरांचं नाव,
पडद्यावर पाच रिकामे चौकोन.

तिला ते चाललं.
तिनं वल्हं पाण्यात घातलं.